हल्ला, परात आणि गोदरेजची किल्ली

तर झालं असं की मुलाचं लग्न ठरलं. मुलगी छान आहे, शांत आहे, आपल्या चिकन करीला नावं ठेवत नाही, अजून काय पाहिजे. पण तिच्या घरचे अश्केनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू, आजी-आजोबा पोलंडचे, आणि ते पहिल्यांदाच आमच्याकडे शुक्रवारी रात्री जेवायला येणार असं ठरलं ते नेमकं पेसाख, म्हणजे आमचा आठवड्याचा सण, संपल्यानंतरच्या पहिल्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी. मुलगी सहज बोलून गेली की या शब्बाथला माझी आई हलात मफ्तेआख करते, म्हणजे किल्लीची हला, हला म्हणजे शब्बाथची वेणी घातलेली ब्रेड. झालं! मी तोंडातून बोलून बसले की अरे वा, मग या वेळी मीच करते.

आता खरं सांगायचं तर मी इथे इस्राएलमधे अश्दोदला येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, पण एवढ्या वर्षांत हला घरी एकदाही केलेली नव्हती. करायची गरजच काय, शुक्रवारी सकाळी खालच्या मकोलेतमध्ये, म्हणजे किराणा दुकानात हो, ढिगाने येतात गरम गरम, दोन उचलायच्या आणि घरी. आणि त्याआधी ठाण्याला होतो तेव्हा तर हला फोटोतच बघितलेली. आमच्याकडे शुक्रवारी किद्दुशला, म्हणजे जेवणाआधी पेला हातात धरून म्हणायच्या आशीर्वादाला, काळ्या मनुका रात्रभर भिजवून कुस्करून गाळलेलं सरबत आणि ब्रेडच्या आशीर्वादाला दोन चपात्या नाहीतर पाव. वेणी घातलेली ब्रेड ही मुळात युरोपातल्या ज्यूंची, आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, आमचा तिचा संबंध कुठून येणार.

सासूबाई आमच्याबरोबरच असतात, वय ८१. माहेर अलिबागचं, इस्राएल आळीतलं. त्यांना हला हा शब्द आजपर्यंत जमलेला नाही. हिब्रूत या शब्दाचा पहिला वर्ण ह आणि ख यांच्या मधे कुठेतरी घशात अडकलेला असतो, पण त्या सरळ हल्ला म्हणतात. मी करणार म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "व्याही येणार आणि तू हल्ला करणार?" नवरा दोन दिवस हसत होता.

पेसाखनंतरच्याच शब्बाथला किल्ली का, ते मी होणाऱ्या सुनेकडून नीट समजून घेतलं. एकच कारण नाही, पाच-सहा सांगतात. मला पटलं ते असं, की आमच्या पूर्वजांसाठी वाळवंटात चाळीस वर्षं आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं खाणं, पडत होता, फुकट, दारात. मग लोक त्यांच्या पुढाऱ्याबरोबर, यहोशवाबरोबर, यार्देन नदी ओलांडून या देशात आले, इथे पहिला पेसाख केला, जमिनीतलं धान्य खाल्लं आणि मान्ना बंद. तिथून पुढे आपलं आपण कमवा आणि खा. म्हणून पेसाख संपला की पोटापाण्याचं दार उघडू दे रे बाबा म्हणून ब्रेडमधे किल्ली. काही रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, ही प्रथा अजिबात आवडत नाही, कुठल्या ग्रंथात लिहिलंय म्हणून विचारतात. असो, ग्रंथात नसलेल्या गोष्टी करण्यात आम्हा कोकणवाल्यांना कोण हरवणार, यहूदी नवीन वर्षाला आमचे जुने लोक नव्याचा सण म्हणायचे आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दरफाळणीचा सण, ते तरी कुठे लिहिलंय.

पेसाख बुधवारी रात्री संपला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेसाखचा आठवडाभर घरात आंबवलेलं काही नाही, मैदा नाही, यीस्ट नाही, ब्रेडचा कण नाही. जे असेल ते एका कपाटात बंद करून वर चिकटपट्टी मारायची आणि रब्बींमार्फत कागदोपत्री दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकून टाकायचं, सण संपला की परत आपलं. दुकानातसुद्धा ते रॅक पांढऱ्या प्लास्टिकने झाकलेले असतात. आम्ही तांदूळ खातो त्यामुळे आमचा आठवडा सुखाचा जातो, तांदळाची भाकरी आहे, वरण-भात आहे. व्याह्यांकडे भात पण चालत नाही पेसाखला, आठवडाभर मात्झा, म्हणजे न फुगवलेली कडक पोळी, आणि बटाटे.

बुधवारी रात्रीच समोरच्या मोरोक्कन बाईंकडे मिमुना होता, म्हणजे पेसाख संपला की त्याच रात्री त्यांचं दार सगळ्यांना उघडं. त्या मोफलेटा करतात, पातळ पोळ्या एकीवर एक तव्यावर चढवत जातात आणि लोणी-मध लावून देतात. तीन खाल्ल्या आणि बढाई मारून आले की परवा हला करणार आहे. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि काही लागलं तर ये म्हणाल्या. तेव्हाच समजायला हवं होतं.

गुरुवारी दुकानात गेले तर ताज्या यीस्टचा रॅक रिकामा. इथे ताजं यीस्ट ५० ग्रॅमच्या वड्यांमधे मिळतं, फ्रीजमधे ठेवतात, पनीरचा छोटा तुकडा वाटावा असं. आठवडाभर उपाशी असल्यासारखं सगळ्या गावाने उचलून नेलेलं. मैद्याच्या मात्र एक-एक किलोच्या दोन पिशव्या मिळाल्या. म्हटलं हरकत नाही, चिकटपट्टीवाल्या कपाटात कोरड्या यीस्टचं पाकीट आहे की.

शुक्रवारी सकाळी आठला सुरुवात. आधी मैदा बारीक चाळणीने चाळला, किडा-बिडा असू नये म्हणून, ते इथे फार काटेकोर. अंडी एकेक करून काचेच्या ग्लासात फोडून बघायची, रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं बाद. ही सवय मात्र आम्हाला ठाण्यापासूनची, सासूबाई ऑम्लेटलाही तसंच करतात. मैदा १ किलो ७०० ग्रॅम घेतला. एवढा का, दोन ब्रेडला तर किलोसुद्धा खूप होतो, तर त्याचं कारण पुढे सांगते. साखर दीड वाटी, तीन अंडी, मीठ दोन मोठे चमचे, कोमट पाणी साधारण पाऊण लिटर, पण ते एकदम नाही ओतायचं. आणि तेल. लोणी नाही, कारण जेवणात चिकन, आणि मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही. त्याच कारणाने आमच्या करीत नारळाचं दूध असतं. मी मापाचा कप शोधत होते तर सासूबाईंनी बाटली हातातून घेतली, "तेल्यांच्या घरात तेलाला माप कशाला?" आणि धार धरली. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत, तर त्याचा हा माज. नंतर मी अंदाज घेतला, पाऊण कपाच्या थोडं वर पडलं होतं. बरोबर होतं च्यायला.

एवढी कणीक कुठल्या मिक्सरमधे मावते. मग ठाण्याहून आणलेली पितळेची परात काढली. आम्ही आलो तेव्हा सामानाच्या कंटेनरमधे तीन गोष्टी हट्टाने भरल्या होत्या, परात, पाटा-वरवंटा आणि सासूबाईंचं गोदरेजचं कपाट. ते कपाट लक्षात ठेवा. परात जमिनीवर, मी पाट घेऊन बसले, आणि मळायला घेतलं. पहिली पाच मिनिटं नुसता चिकटा, हात बाहेर निघत नाहीत, वाटतं अजून मैदा घालावा, तो मोह आवरायचा. दहाव्या मिनिटाला ती एकदम परात सोडते आणि गोळा होतो. चपातीच्या कणकेपेक्षा मऊ आणि पुरणपोळीच्या कणकेपेक्षा जराशी घट्ट, एवढंच माप मला सांगता येईल. बोट दाबलं की खड्डा हळूहळू वर येतो. तेल लावून झाकून ठेवली आणि चहा केला.

दीड तासाने झाकण उघडलं. कणीक तशीच. म्हणजे अगदी तशीच, मी सोडून गेले तशी वाट बघत बसलेली. पाकीट उलटून बघितलं तर तारीख आदल्या वर्षीची. मी ते यीस्ट आधी कोमट साखरपाण्यात फुगवून बघायचं ते बघितलंच नव्हतं, सरळ मैद्यात टाकलं, कारण पाकिटावर इन्स्टंट लिहिलेलं. आता साडेदहा वाजलेले, १ किलो ७०० चा मेलेला गोळा, संध्याकाळी व्याही. रडायला आलं हो.

गेले समोर. बाईंनी काही न विचारता फ्रीजमधून एक वडी काढून हातावर ठेवली. चुरून थोड्या कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून विरघळवलं, दहा मिनिटांत वर फेस आला आणि घरभर ताडीसारखा वास. मग कणीक परातीत पसरून त्यावर ते ओतून परत मळणं. बसलेल्या कणकेत पाणी घालून मळणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, नुसती निसटते, तुकडे तुकडे पोहतात. पंधरा मिनिटं मी आणि पंधरा मिनिटं नवरा. पण त्या दिवशी हमसीन होता, म्हणजे वाळवंटाकडून येणारा गरम वारा, एप्रिलमधे येतो, एरवी आम्ही त्याला शिव्या घालतो. त्याने काम केलं. बाल्कनीच्या दाराशी परात ठेवली आणि तासाभरात कणीक दुप्पट होऊन वरच्या कापडाला टेकली.

आता ते १ किलो ७०० चं. हला हे खरं तर ब्रेडचं नावच नाही. तोरामधे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, गणना नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, सांगितलंय की देशात येऊन भाकर खाल तेव्हा कणकेतला पहिला वाटा देवासाठी काढा, त्या वाट्याचं नाव हला. यरुशलेमला मंदिर होतं तेव्हा तो याजकांना द्यायचे, आता मंदिर नाही तर जाळून टाकायचा. पण चार मुठी कणकेला हा नियम लागत नाही, साधारण १ किलो २०० ग्रॅमपासून वाटा काढायचा आणि १ किलो ६६६ ग्रॅमपासून आशीर्वाद म्हणून काढायचा, असं बहुतेक जण धरतात. मला आशीर्वाद म्हणायचा होता, पहिलीच वेळ, म्हणून एवढा घाट.

लिंबाएवढा छोटा गोळा तोडला, लहाफ्रिश हला म्हटलं, म्हणजे हला काढायचा आशीर्वाद, तो हातात धरून हरे झो हला म्हटलं, म्हणजे ही बघा हला. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढंच? हे तर आई रोज करायची."

मी म्हटलं रोज कसं, तुमच्याकडे कुठे ब्रेड होती. तर म्हणाल्या, चपात्यांची कणीक मळली की आई चिमूट तोडून चुलीत टाकायची, मगच पहिली चपाती. कधी विचारलं नाही का म्हणून. शेजारच्या बामणाच्या काकू पण टाकायच्या अग्नीला, आम्हाला वाटायचं सगळ्याच बायका टाकतात.

मी डोक्यात हिशोब मांडायला लागले. एका चपातीला धरा ३० ग्रॅम, १२०० ग्रॅम म्हणजे चाळीस चपात्या. "घरात माणसं किती होती तुम्ही?" "चौदा." "आणि चपात्या?" "बाप्ये चार खायचे, आम्ही दोन, पोरं काय पण खायची." म्हणजे चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे बरोबर त्या मापाच्या काठावर. त्या बाईला हिब्रू आशीर्वाद येत नव्हता, वजनकाटा नव्हता, आणि ती काकूंचं बघून टाकत होती की तिच्या आईचं बघून, हे आता कोणाला विचारणार. सासूबाईंना या हिशोबात काही रस नव्हता, त्या म्हणाल्या गोळा वाळतोय, जाळ तो. फॉइलमधे गुंडाळून गॅसवर धरला. करपलेल्या भाकरीचा वास आला आणि त्या म्हणाल्या, हां, हाच.

मग वेण्या. चार ब्रेड साध्या तिपेडी करायच्या आणि टेबलावरच्या दोन सहा पेडांच्या. टेबलावर दोनच का, तर शुक्रवारी मान्ना दुप्पट पडायचा, शनिवारचा पण, त्याची आठवण. सहा पेडांचा मी व्हिडिओ तीनदा बघितला, उजवीकडचा शेवटचा पेड उचलायचा, दोनच्या वरून, एकाच्या खालून, परत दोनच्या वरून, आणि परत उजवीकडचा. ऐकायला सोपं. चौथ्या फेरीला माझा एक पेड हरवला, पाचच दिसायला लागले. सासूबाई उठल्या, हात धुतले, सगळं सोडवलं आणि म्हणाल्या पेड मधे जाड आणि टोकाला बारीक कर, आणि ओढू नकोस, केस नाहीयेत ते. आयुष्यभर चार मुलींच्या आणि मग नातींच्या वेण्या घातलेल्या बाईने दोन मिनिटांत सहापेडी घातली, व्हिडिओ न बघता मी तोंडाने म्हणत होते तेवढ्यावर. दुसरी मी घातली. फोटो बघितलात तर कुठली कोणाची ते सांगायला लागणार नाही.

आता किल्ली. घराच्या दाराच्या किल्लीला प्लास्टिकचं डोकं, ती वितळणार. गाडीची विचारूच नका. लेटरबॉक्सची एवढीशी, कोणी गिळली म्हणजे. सासूबाईंनी कमरेची गोदरेजची किल्ली सोडून दिली, "ही घे, अख्खी लोखंडाची आहे." मी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली, घासली, फॉइलच्या दोन घड्यांत गुंडाळली आणि त्यांच्या सहापेडीच्या पोटात खालून खुपसली. वरून कणकेची छोटी किल्ली करून चिकटवली, कुठल्या ब्रेडमधे आहे ते कळायला. पाऊण तास परत फुगू दिलं, अंड्याचा बलक लावला, तीळ, १८० वर अर्धा तास. निम्म्यात बाहेर काढून उघड्या पडलेल्या पांढऱ्या फटींना परत बलक लावला, ही बाईंनी समोरून ओरडून सांगितलेली युक्ती. काढल्यावर उलटी करून टकटक केलं, रिकाम्या डब्यासारखा आवाज आला की आत शिजलेली. आली.

पावणेसातच्या सुमारास मेणबत्त्या लावल्या. शब्बाथ सुरू. व्याही आले, विहीणबाईंनी टेबलाकडे बघितलं, कापडाखाली दोन उंचवटे दिसत होते, आणि त्यांनी माझा दंड दाबला. बरं वाटलं. नवरा आणि मुलगा सिनेगॉगमधून, म्हणजे प्रार्थनास्थळातून आले, शालोम अलेखेम हे शब्बाथचं गाणं म्हणून झालं, नवरा किद्दुशला उभा राहिला, मनुकांच्या सरबताचा जग तयार, आणि त्याने मला विचारलं पेला कुठाय.

चांदीचा पेला. सासऱ्यांचा. दर शुक्रवारी पाचला सासूबाई तो कपाटातून काढतात आणि पुसून ठेवतात. त्या दिवशी पाचला त्या विहीणबाईंसाठी साडी की ड्रेस यात होत्या, आणि कपाटाला एकच किल्ली, दुसरी ठाण्यातच कधीतरी हरवलेली. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग दोघींनी टेबलावरच्या कापडाकडे.

ब्रेड कापायची तर आधी किद्दुश व्हायला पाहिजे. किद्दुशला पेला पाहिजे. पेल्याला किल्ली पाहिजे. किल्ली ब्रेडमधे. आणि आशीर्वादाला दोन्ही ब्रेड अख्ख्याच लागतात, त्यामुळे खालून हळूच उकरून काढावी म्हटलं तरी नाही. मुलगा मराठीत म्हणाला, "आई, हसू नको," आणि मग मला काही आवरेना. होणाऱ्या सुनेने तिच्या आईला हिब्रूत सगळं समजावलं, पाच सेकंद शांतता, आणि विहीणबाई डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या.

शेवटी किद्दुश स्टीलच्या पेल्यात झाला, ज्याच्यावर सासूबाईंच्या भावाच्या लग्नाची तारीख आणि नाव कोरलंय. व्याह्यांनी तो फिरवून फिरवून बघितला आणि कसली लिपी म्हणून विचारलं. मनुकांचं सरबत त्यांना वाईन नाहीये हे दुसऱ्या घोटाला कळलं, तिसरा मागून घेतला. मग हात धुतले, आशीर्वाद झाला, मिठात बुडवून तुकडे वाटले. ब्रेड आतून पिवळसर, धागे सुटत होते. माझी जरा कोरडी होती, सासूबाईंची नाही, कणीक एकच असून हे कसं ते मला अजून समजलेलं नाही.

किल्ली विहीणबाईंच्या तुकड्यात आली. त्यांनी फॉइल सोडवलं, उंच धरून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्षभर बरकत वगैरे. आणि टाळ्या थांबायच्या आत सासूबाईंनी टेबलावरून हात पुढे केला, मराठीतच म्हणाल्या, "आण बाई इकडे." गेल्या, आतून कपाटाचा तो ओळखीचा करकर आवाज आला, आणि पेला घेऊन आल्या, जेवणानंतरच्या प्रार्थनेला पण एक पेला भरतात तेव्हा तो वापरला. किल्ली कमरेला परत खोचली तेव्हा तिला अजून तीळ चिकटलेले होते.

"पुढच्या वर्षी," मला आत भांडी ठेवताना म्हणाल्या, "लेटरबॉक्सची घाल."